कोर्टाचे सिनेमे बघायची सुरुवात कुठून करावी

कोर्टाच्या सिनेमात 'घडतं' असं फार थोडं. गुन्हा होऊन गेलेला असतो, आरोपी सापडलेला असतो, आणि पुढचे दोन तास माणसं बंद खोलीत एकमेकांना प्रश्न विचारत बसतात. एवढ्याशा सामग्रीवर सिनेमाच्या इतिहासातले काही अव्वल चित्रपट उभे आहेत. टीव्हीवर लागतात म्हणून 'दामिनी'सारखे दोन-चार पाहिलेत, पुढेही जायचंय, पण 'सर्वोत्तम शंभर' छापाच्या याद्या बघून कुठून शिरावं ते उमगत नाही, अशांसाठी हे लिहितोय. क्रम माझ्या आवडीचा आहे, पण विचार करून लावलेला आहे. निदान पहिल्या चार पायऱ्यांची उलटापालट करू नका.

पहिली पायरी: कोर्टासमोरचा प्रश्न ओळखा

'खून कोणी केला?' हा रहस्यपटाचा प्रश्न झाला. कोर्ट एवढंच बघतं की ज्यानं आरोप ठेवला, त्यानं तो वाजवी शंकेपलीकडे सिद्ध केला का. नसेल केला तर आरोपी सुटतो, मग खून त्यानं केलेला असो वा नसो. खरं काय घडलं आणि सिद्ध काय झालं, यांच्यात जी फट उरते, तिच्यातच या सिनेमांचा सगळा संसार चालतो.

म्हणून खटला सुरू झाला की पहिल्या वीसेक मिनिटांत तीन गोष्टी मनाशी पक्क्या करा. सिद्ध काय करायचंय? ते कोणी करायचंय? आणि निकाल देणाऱ्यांच्या कानावर अमुक गोष्ट पडू नये म्हणून कोण धडपडतंय? पहिल्या दोहोंची उत्तरं वकीलच सुरुवातीला देऊन टाकतात. तिसरी शोधावी लागते.

ऑटो प्रेमिंजर यांच्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'मध्ये (१९५९) ही तिसरी गोष्ट फार सुंदर पकडली आहे. वकील नको ते बोलून जातो, समोरचा हरकत घेतो, आणि न्यायाधीश ज्युरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाला, बजावतात की हे विचारात घेऊ नका. आरोपी आपल्या वकिलाला हळूच विचारतो, जे कानावर पडलं ते विसरणार कसं? जेम्स स्ट्युअर्टनं रंगवलेला वकील म्हणतो, नाहीच विसरू शकत. बस्स, एवढंच. आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक आहे, आणि आता आपल्यालाही.

याच सिनेमात तुरुंगातला एक प्रसंग आहे. खुनाच्या आरोपातून सुटायचे चार मार्ग असतात असं वकील अशिलाला समजावतो. 'खोटं बोल' असं तो एकदाही म्हणत नाही. तीन मार्ग आपल्याला बंद आहेत एवढं दाखवतो आणि चौथ्यापाशी येऊन थांबतो. पुढचं अशिलानं ओळखायचं. तो ओळखतोही. मूळ कादंबरी ज्या रॉबर्ट ट्रेव्हरच्या नावावर आहे, ते मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन व्होल्कर यांचं टोपणनाव. आणि पडद्यावरचे न्यायाधीश जोसेफ वेल्च प्रत्यक्षात नामांकित वकील होते, १९५४ साली टीव्हीवर दाखवल्या गेलेल्या सुनावणीत सिनेटर मॅकार्थींना (कम्युनिस्ट शोधायच्या नावाखाली लोकांवर बेछूट आरोप करणारे) निरुत्तर करणारे. कोर्टातला कंटाळा आणि कोर्टातली लबाडी दोन्ही इथे अस्सल वाटतात, त्याचं एक कारण हे असावं. मात्र लांबी २ तास ४० मिनिटं आहे. पहिलाच सिनेमा म्हणून हा लावू नका, चौथा-पाचवा ठेवा.

दुसरी पायरी: बारा माणसं आणि एक खोली

पहिला सिनेमा सिडनी लुमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७). यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ९६ मिनिटांचा आहे, इंग्रजी सोपं आहे, आणि जवळजवळ सगळा ज्युरीच्या खोलीत घडतो. खटला संपलाय. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या पोराला दोषी ठरवायला ११ जण तयार आहेत, एक नाही. रेजिनाल्ड रोज यांनी हे १९५४ मध्ये टीव्हीसाठी लिहिलं होतं.

हा दोनदा बघा. पहिल्यांदा मतं कशी फिरतात ते बघा. प्रत्येकाचं मत वेगळ्या कारणानं फिरतं: कोणाला पुरावा पटतो, कोणाला शेजाऱ्याची लाज वाटते, आणि एकाला फक्त बेसबॉलच्या सामन्याला वेळेवर पोचायचं असतं. दुसऱ्यांदा आवाज कमी करा आणि कॅमेऱ्याकडे बघा. सुरुवातीला तो माणसांच्या डोळ्यांच्या वर आहे, खोली ऐसपैस दिसते. मग तो डोळ्यांच्या रेषेत येतो, आणि शेवटाकडे त्याच्याही खाली उतरतो. मग डोक्यावरचं छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत जातात, त्यामुळे भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. खोली तीच असते. लुमेट आणि कॅमेरामन बोरिस कॉफमन यांनी हे ठरवून केलं होतं.

आता एक खोडसाळ मुद्दा. आठव्या क्रमांकाचा ज्युरर बाहेर जाऊन खुनातल्यासारखाच चाकू विकत आणतो आणि टेबलात रोवतो. प्रसंग जबरदस्त आहे, पण खऱ्या खटल्यात ज्युररनं स्वतः पुरावा गोळा केला तर खटलाच रद्द होऊ शकतो. आणि हो, पोरानं खून केला की नाही, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. पहिल्या पायरीवरचा मुद्दा इथे पक्का होतो.

बासु चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) म्हणजे याचंच हिंदी रूप. पंकज कपूरसाठी जरूर बघा. फक्त तोवर भारतात ज्युरी राहिली नव्हती हे ध्यानात असू द्या. नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

तिसरी पायरी: कामकाजाचे शब्द, हसत हसत

सरतपासणी म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारलेले प्रश्न. इथे उत्तर तोंडात घालणारे सूचक प्रश्न चालत नाहीत. उलटतपासणीत ते चालतात, नव्हे, वकील बहुतेक तेच विचारतो. ऐकीव पुरावा म्हणजे 'तो असं म्हणाला असं मी ऐकलं'. फितूर साक्षीदार म्हणजे ज्यानं बोलावलं त्याच्यावरच उलटलेला. तज्ज्ञ साक्षीदाराला मत द्यायची मुभा असते, पण आधी तो तज्ज्ञ आहे हे दाखवावं लागतं. एवढं पुरे. बाकीचं 'माय कझिन व्हिनी' (१९९२) शिकवतो.

विनोदी आहे म्हणून याला हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत कायद्याचे प्राध्यापक पुराव्याचा कायदा शिकवताना यातले प्रसंग दाखवतात, आणि दिग्दर्शक जोनाथन लिन स्वतः केंब्रिजला कायदा शिकलेले. न्यूयॉर्कची दोन पोरं अलाबामात खुनाच्या आरोपात अडकतात. त्यांना वाचवायला येतो चुलतभाऊ व्हिनी, ज्यानं आयुष्यात एकही खटला चालवलेला नाही.

पहिल्या साक्षीदाराची उलटतपासणी नीट बघा. तो सांगतो, पोरं दुकानात शिरताना मी पाहिली, मग न्याहारी करायला घेतली, खायला बसतो तोच गोळीचा आवाज आला. मध्ये पाचेक मिनिटं गेली असतील. न्याहारीला काय? ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या भरड्याची पेज. झटपट होणारी की साधी? साक्षीदाराच्या अभिमानालाच धक्का लागतो: आम्ही दक्षिणेकडची माणसं, झटपटवाली खात नाही. मग साधी पेज शिजायला २० मिनिटं लागतात, ती तुमच्याकडे पाचात कशी शिजली? व्हिनी त्याला खोटारडा म्हणत नाही, आवाजही चढवत नाही. वेळेचा पुरावा मात्र गेला.

पुढे व्हिनीची होणारी बायको (या भूमिकेसाठी मारिसा टोमे यांना ऑस्कर मिळालं) गाड्यांची तज्ज्ञ म्हणून पिंजऱ्यात येते. सरकारी वकील तिला १९५५ च्या शेव्हर्लेच्या एका विशिष्ट इंजिनाबद्दल प्रश्न टाकतो. ती म्हणते, प्रश्नच चुकीचा आहे, ते इंजिन १९६२ पर्यंत आलंच नव्हतं. तज्ज्ञाची पात्रता कशी तपासतात, हे यापेक्षा चटकन दुसरीकडे कळणार नाही.

चौथी पायरी: उलटतपासणीचा सापळा

'अ फ्यू गुड मेन'मधला (१९९२) जॅक निकल्सनचा स्फोट ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनाही पाठ असतो. तुम्ही त्याच्या आधीची दोन मिनिटं बघा. टॉम क्रूझचा वकील कर्नलकडून (निकल्सन) दोन गोष्टी वदवून घेतो: माझा हुकूम इथे कोणी मोडत नाही, आणि ज्याच्या मृत्यूचा हा खटला आहे त्या शिपायाला हात लावू नका असा हुकूम होता. दोन्ही गोष्टी कर्नल छाती फुगवून सांगतो. मग साधा प्रश्न येतो: असं असेल तर त्या शिपायाच्या जिवाला धोका आहे म्हणून त्याची बदली करायची गरजच काय होती? कर्नल दोन खऱ्या वाटणाऱ्या विधानांमध्ये सापडतो. ओरडणं नंतरचं. पुढे कुठलाही खटला बघताना साक्षीदार कशावर चिडला याकडे कमी आणि चिडण्याआधी त्यानं काय काय कबूल केलं याकडे जास्त लक्ष द्या.

याच पायरीवर बिली वाइल्डर यांचा 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' (१९५७) बसतो, अ‍ॅगाथा ख्रिस्तींच्या नाटकावरचा. चार्ल्स लॉटनचे आजारी बॅरिस्टर समोरच्याचा खरेपणा जोखायला एकडोळी चष्म्यातून त्याच्या चेहऱ्यावर उजेड पाडतात, आणि खटला चालू असताना औषधाच्या गोळ्या टेबलावर ओळीनं मांडत बसतात. या सिनेमाबद्दल बघण्याआधी काही म्हणजे काही वाचू नका. शेवट कोणाला सांगू नका अशी विनंती सिनेमा संपल्यावर प्रेक्षकांना ऐकवली जाते, आणि ती अजूनही पाळण्याजोगी आहे.

पाचवी पायरी: आपल्याकडची कोर्टं

आधी दोन गैरसमज बाजूला करू. हिंदी सिनेमातला न्यायाधीश 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणत हातोडा आपटतो. आपण ज्यांच्याकडून ही पद्धत घेतली त्या इंग्लंडच्या फौजदारी कोर्टांतही हातोडा कधी नव्हता. आणि गीतेवर हात ठेवून शपथ. १९६९ च्या शपथ कायद्यात ईश्वराला स्मरून शपथ घ्यायची किंवा गांभीर्यानं प्रतिज्ञा करायची एवढंच आहे, ग्रंथाची गरज नाही.

हे कळलं म्हणून जुने सिनेमे टाकाऊ ठरत नाहीत. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) तर गाण्यांशिवायचा होता, त्या काळात हे धाडसच. 'दामिनी'तली (१९९३) तारखांवरची तक्रार आज घोषणेसारखी वापरली जाते, कारण तिच्यामागची चीड लोकांच्या ओळखीची आहे. 'जॉली एलएलबी'मध्ये (२०१३) सौरभ शुक्लांचा न्यायाधीश कंटाळलेला, खादाड आणि तरीही जागा आहे.

पण माझ्या मते इथे खरे बघायचे सिनेमे दोन. गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये (१९८०, लेखन विजय तेंडुलकर) बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू आपल्या वकिलाशीसुद्धा बोलत नाही. पहिल्या पायरीवरचा तिसरा प्रश्न आठवा. इथे कोर्टानं काय ऐकू नये याची तजवीज कोर्टाबाहेरच झालेली आहे. ओम पुरींचे नुसते डोळे बघत राहावे लागतात, आणि नसीरुद्दीन शहांच्या वकिलाइतकेच आपणही हताश होतो.

दुसरा, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. 'दामिनी'च्या सवयीनं बघायला बसलात तर वाटेल, इथे काहीच होत नाही. कॅमेरा लांब ठेवलेला, जागचा हलत नाही. म्हणून बघायचं काय ते सांगतो. साक्षीदार मराठीत बोलतो आणि न्यायाधीश त्यातलं त्यांना योग्य वाटतं ते आपल्या शब्दांत इंग्रजीत टायपिस्टला सांगतात. नोंदीवर येतं ते हे. मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष ऐका. गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. ती हे सहज, रोजचं असल्यासारखं सांगते, आणि आत्महत्येचा आरोप किती पोकळ आहे ते कोणीही भाषण न करता कळतं. आणखी एक: सिनेमा वकील आणि न्यायाधीश यांच्या मागोमाग त्यांच्या घरीही जातो. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील दुष्ट नाही. ती लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, सकाळी परत कलमं वाचून दाखवते. म्हणूनच ती जास्त अस्वस्थ करते.

जोडीला 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१, सत्यदेव दुबे) मिळाला तर बघा. हौशी नाटकवाले वेळ घालवायला खोटा खटला चालवतात आणि बेणारेबाईंना आरोपी करतात. कायदा नसतो, कोर्टाची भाषा तेवढी असते, आणि तेवढ्यानंही माणूस सोलून काढता येतो.

सहावी पायरी: परक्या पद्धती

अमेरिकी खटल्यांची सवय झाली की फ्रेंच 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३, जस्टिन त्रिए) चक्रावून टाकतो. नावात 'अ‍ॅनाटॉमी' आहे ते उगाच नाही, प्रेमिंजरचा सिनेमा आधी पाहिलेला बरा. इथे न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारतात, लाल झग्यातला सरकारी वकील साक्षीच्या मध्येच आरोपीला टोमणे मारतो, आरोपी तिथल्या तिथे उत्तर देते. तिच्या नवऱ्यानं गुपचूप केलेलं भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात वाजवलं जातं, आणि सिनेमा आपल्याला त्या घरात नेतो, भांडण दाखवतो. पण हाणामारी सुरू होते त्या क्षणी आपण परत कोर्टात येतो. आता फक्त आवाज. कोणी कोणाला मारलं? ज्युरीला जेवढं कळतं, तेवढंच आपल्याला.

'अर्जेंटिना, १९८५' (२०२२) त्या मानानं सरळ आहे: लष्करी राजवटीच्या सेनानींवर नागरी न्यायालयात चाललेला खटला, रिकार्दो दारीन सरकारी वकील. अखेरचं भाषण खऱ्या भाषणावरून घेतलेलं आहे. घरच्यांसोबत बघायला चांगला.

सातवी पायरी: कोर्टाबाहेरचा थरार

लीगल थ्रिलरमध्ये कोर्ट अनेकदा नावालाच असतं. खटला उभाच राहू नये किंवा परस्पर मिटावा म्हणून काय चालतं, ते इथे बघायचं. 'द व्हर्डिक्ट' (१९८२) पुन्हा लुमेट यांचा: पॉल न्यूमनचा दारुडा वकील तडजोडीचे पैसे नाकारतो, आणि ते नाकारणं शहाणपण की वेडेपणा हे बराच वेळ ठरत नाही. टोनी गिलरॉय यांच्या 'मायकल क्लेटन'मध्ये (२००७) कोर्टरूम जवळपास नाहीच. टिल्डा स्विंटनची कंपनीची वकील सुरुवातीलाच स्वच्छतागृहात घामानं भिजलेली दिसते. पुढे ती एकटीच आरशासमोर उत्तरांची तालीम करते आणि तीच वाक्यं मुलाखतीत सहज सुचल्यासारखी फेकते. गुन्हेगारी इतकी भेदरलेली क्वचितच दाखवली गेलीय. 'डार्क वॉटर्स' (२०१९) कागदांचा सिनेमा आहे: ड्यूपाँट कंपनी खोकीच्या खोकी कागद पाठवते आणि वकील जमिनीवर बसून ती एकेक करून लावतो. वेग कमी आहे, सोसा.

ज्यांत शेवटच्या पाच मिनिटांत सगळं उलटंपालटं होतं असे थ्रिलर खूप आहेत. मजेसाठी बघा, पण सुरुवातीलाच त्यांची चटक लावून घेऊ नका. नाहीतर प्रत्येक साक्षीत तुम्ही फक्त फसवणूक शोधत बसाल.

आठवी पायरी: 'सत्यघटनेवर आधारित'

ही पाटी दिसली की सिनेमा आधी बघा, खटल्याबद्दल नंतर वाचा आणि काय बदललं ते ताडून पाहा. सरावाला 'इनहेरिट द विंड' (१९६०) उत्तम. उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल टेनेसीतल्या शिक्षकावर १९२५ साली चाललेल्या स्कोप्स खटल्यावर तो बेतलेला आहे. सिनेमात गाव शिक्षकाच्या जिवावर उठलेलं आहे, तो तुरुंगात आहे, आणि विरोधी बाजूचा नेता कोर्टातच कोसळतो. प्रत्यक्षात त्या कायद्याला आव्हान द्यायचं म्हणून शिक्षक स्वतःहून आरोपी व्हायला तयार झाला होता, तुरुंगवास नव्हता, आणि ज्यांच्यावरून तो नेता बेतलाय ते विल्यम जेनिंग्ज ब्रायन निकालानंतर पाच दिवसांनी झोपेत वारले. १०० डॉलरचा दंड मात्र दोन्हीकडे सारखाच. बदल का केले? मूळ नाटक १९५५ चं, आणि लेखकांच्या डोळ्यांसमोर डार्विनपेक्षा मॅकार्थीचा काळ जास्त होता. हे कळल्यावर सिनेमा खोटा वाटत नाही, वेगळा वाटतो. 'जय भीम'च्या (२०२१) बाबतीतही असंच करा. त्यातले वकील चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

राखून ठेवायचे दोन

कुरोसावांचा 'राशोमोन' (१९५०) बघताना न्यायाधीश कुठे आहे ते शोधा. तो दिसत नाही, त्याचा आवाजही नाही; साक्षीदार थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. म्हणजे ऐकणारे आपणच, आणि चौघांच्या चार हकिकती जुळत नाहीत.

आणि अब्बास किआरोस्तमी यांचा 'क्लोज-अप' (१९९०). सिनेदिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ असल्याची बतावणी करून एका कुटुंबात शिरलेल्या माणसाचा हा इराणमधला खटला, आणि त्यात खरा आरोपी, खरं कुटुंब आणि खरा न्यायाधीश आहेत. किआरोस्तमी सुनावणीआधी आरोपीला सांगतात की एक कॅमेरा खास तुमच्यावर रोखलेला आहे. कोर्टाला समजावता येणार नाही असं काही असेल तर या कॅमेऱ्याला सांगा. न्यायाधीशाला एक साक्ष आणि लेन्सला दुसरी, असा हा मामला आहे. मागच्या पायऱ्यांवरचे निदान निम्मे सिनेमे झाल्याशिवाय हा लावू नका. आरोपी कोणत्या क्षणी कोणाकडे वळून बोलतोय, हे तोवर तुम्हाला आपोआप दिसायला लागलेलं असेल.